लळा आणि ताबा

मराठीत मूल ताब्यात घेतात आणि मुलाला लळा लागतो. पहिल्या क्रियेला कर्ता लागतो, तारीख लागते, सही आणि शिक्का लागतो, आणि एवढे जमले की ती पुरी होते. दुसरीचे व्याकरण निराळे आहे. लळा लावणारा कितीही लावो, तो लागला की नाही हे ठरते मुलाकडे. आंतरदेशीय दत्तकविधानाच्या व्यवहारात या दोन शब्दांच्या मध्ये आता ‘बॉन्डिंग’ हा तिसरा शब्द येऊन बसला आहे, आणि त्याने ताब्याचे व्याकरण उचलून लळ्याचा अर्थ बळकावला आहे. ‘लसीकरण झाले’ म्हणावे त्याच चालीवर ‘बॉन्डिंग झाले’ असे म्हणतात. पालक आले, चार दिवस मुलाबरोबर खेळले, मूल मांडीवर बसले, छायाचित्र निघाले, झाले. आमचा झगडा या ‘झाले’शी आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पुढे येणारा प्रश्न भाषेचा आहे, आणि त्याबाबत सर्वांत गाफील राहिले ते आपणच, म्हणून.

आधी व्यवहार कसा चालतो ते थोडक्यात पाहू. भारतातून परदेशी दत्तक जाण्याला शिस्त लागली ती १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. पुढे १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा आली आणि २००३ मध्ये भारताने हेगच्या कराराला मान्यता दिली. २०१५ चा बाल न्याय कायदा व त्याखालील नियम यांनुसार परदेशातील इच्छुक पालकांना मुलाचा अभ्यास-अहवाल आणि वैद्यकीय अहवाल संगणकावर मिळतो. त्यांनी होकार दिला की ना-हरकत प्रमाणपत्र, मग दत्तकाचा आदेश (पूर्वी तो न्यायालय देई, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात), मग पारपत्र, आणि शेवटी पालकांनी येऊन मूल नेणे. आदेशापूर्वी काही काळ मुलाला सांभाळण्याची मुभा नियमांत आहे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. नोकरीतून रजा काढून सात समुद्रांपलीकडून येणारे जोडपे किती दिवस राहू शकते, हे सांगायला तज्ज्ञ नको. मूल गेल्यावर मात्र दोन वर्षे देखरेख असते: पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला, असे सहा अहवाल. मुलाची उंची-वजन वाढले, शाळेत नाव घातले, नव्या भाषेत बोलू लागले, हे सगळे शुभवर्तमान त्यांतून येते. जुन्या भाषेचे काय झाले, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

परदेशी जाणारे मूल कोणते, हाही प्रश्न आहे. काराच्या आकडेवारीप्रमाणे २०२३-२४ साली देशात एकूण ४००९ दत्तकविधाने झाली. त्यांपैकी ४४९ आंतरदेशीय होती. आपल्याकडच्या इच्छुक पालकांना बहुतांशी दोन वर्षांच्या आतले, धडधाकट तान्हे बाळ हवे असते. ते मिळावे म्हणून ते वर्षानुवर्षे रांगेत थांबतात. रांगेबाहेर उरते ते वाढलेले मूल, भावंडांची जोडी, किंवा विशेष गरजा असलेले मूल. परदेशी जातात ती मुख्यतः हीच. म्हणजे विमानात बसणाऱ्या मुलांत अनेक मुले बोलती असतात. त्यांना शब्द असतात, गाणी असतात, रात्री हाक मारायचे एक नाव असते. ‘लहान आहे, त्याला काय कळतं’ हे वाक्य एक वेळ तान्ह्या बाळाबद्दल खपले असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाबद्दल ते उच्चारणे निर्ढावलेपणाचे आहे.

आता असे एक मूल कल्पनेने नाशिक जिल्ह्यात आणू. सुरगाणा हा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातच्या सीमेला भिडलेला तालुका. एके काळचे छोटे संस्थान. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी यांची. पावसाळा संपला की कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे द्राक्षबागांच्या मुलखात उतरतात. घरात जी बोली चालते ती कोकणा किंवा डांगी. गोव्याच्या कोकणीशी हिचा घोळ घालू नये, आणि तिला ‘अशुद्ध मराठी’ म्हणण्याची आपली सवय तर टाकूनच द्यावी. इथल्या एखाद्या पाड्यावरचे पाच वर्षांचे निराधार मूल नाशिक शहरातल्या संस्थेत येते, त्याच दिवशी त्याचे पहिले भाषांतर होते. भाषेपुढे ‘मराठी’ एवढा एक शब्द पडतो. संस्थेतल्या मावशीची मराठी ते हळूहळू शिकते. मावशीचा लळा लागतो तोही या शिकण्यातूनच. मग एक दिवस त्याच्यापुढे दोन गोरी माणसे गुडघ्यांवर बसतात आणि पाठ करून आणलेल्या हिंदीत ‘हम तुम्हारे मम्मी-पापा हैं’ म्हणतात. हिंदी का, तर भारतातल्या मुलाला हिंदी येते म्हणून! कोकणा, मराठी, हिंदी आणि पुढे इटालियन किंवा स्वीडिश. एवढ्या चढणीवर आपण त्या मुलाला ढकलतो आणि मूल गप्प झाले की समाधानाने म्हणतो, रुळले.

आणखी एक विसंगती इथेच नोंदवू. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा केंद्र सरकारच्या स्वतंत्र अधिसूचनेशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही. पाड्यावरच्या माणसाने मामेभावाचे मूल आपले म्हणून वाढवले, तर तो परंपरेचा मामला. तेच मूल संस्थेत आले की बाल न्याय कायद्याखाली थेट हेगच्या कराराच्या कक्षेत जाऊ शकते. कायद्याला ते मूल जगाच्या दुसऱ्या टोकाच्या घरात बसवता येते. शेजारच्या पाड्यावरच्या नात्याला देण्यासाठी मात्र त्याच्यापाशी शब्द नाहीत.

‘रुळले’ या शब्दाकडे परत येऊ, कारण सगळी फसगत त्यात आहे. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये एक साधा चित्रपट काढला: दोन वर्षांची मुलगी आठ दिवस इस्पितळात राहते, एवढीच त्याची गोष्ट. त्या काळी इस्पितळांत आईबापांच्या भेटीच्या वेळा अतिशय तुटपुंज्या असत. आई आली की मूल रडते, गेली की अधिकच रडते. तेव्हा भेटीच नकोत, चार दिवसांत मूल शांत होते, असा परिचारिकांचा अनुभव होता. रॉबर्टसन यांनी दाखवले की ती शांतता रुळण्याची नव्हती. आधी आकांत, मग निराशा, मग अलिप्तता. बाहेरच्या माणसाला ही तिसरी पायरी शहाणपणासारखी दिसते. वैद्यकाने आरंभी नाके मुरडली. पण १९५९ च्या प्लॅट समितीने इस्पितळातील मुलांना भेटण्यावरचे निर्बंध उठवावेत अशी शिफारस केली, आणि हळूहळू आई खाटेशेजारी बसू लागली. इस्पितळातून आठ दिवसांनी घरी जाणाऱ्या मुलाबाबत जगाने हे मान्य केले. कायमचे घर, माणसे आणि भाषा सोडणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र चार दिवसांची शांतता आजही चांगल्या प्रगतीचे लक्षण ठरते.

साहित्याकडे वळू. नाशिक जिल्ह्यात जन्मलेली एक मुलगी मुंबईतल्या नन्सच्या अनाथालयात वाढली आणि १९७४ साली, सातव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, बार्सिलोनाच्या जोडप्याकडे दत्तक गेली. तिचे नाव आशा मिरो. २००३ साली तिने कातालान भाषेत ‘गंगेची लेक’ अशा अर्थाच्या नावाने आत्मकथन लिहिले. ते स्पेनमध्ये उदंड वाचले गेले, त्याची भाषांतरे झाली. दुसरे पुस्तक पुढच्याच वर्षी आले. शीर्षकातली गंगा पाहून उत्तरेकडचा वाचक चकेल. नाशिककर चकणार नाही, कारण गोदावरीला गंगा म्हणण्याचा त्याचा हक्क फार जुना आहे. मूळ मराठी मुलखातल्या मुलीने आपला मुलूख एका परक्या भाषेत शोधला, आणि मराठी साहित्यविचाराने या घटनेची काय दखल घेतली? आमच्या पाहण्यात ती एवढीच: स्थलांतराच्या साहित्यावरील चर्चासत्रात एखादा उल्लेख, आणि त्यावर ‘मुळांचा शोध’ हा शिक्का.

या शिक्क्याला आमची हरकत आहे. मुळांचा शोध म्हटले की वाचकाचे लक्ष दोन टोकांवर जाते: जन्म आणि पुनर्भेट. मधली कडी, म्हणजे मुलाने एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाण्याचे ते दिवस, वाचनातून गळते. मिरो यांच्या पहिल्या पुस्तकात त्यांच्या दत्तक आईच्या रोजनिशीतील नोंदी आहेत, आणि आमच्या मते पुस्तकाचा खरा ऐवज तोच आहे. एक प्रौढ बाई अनोळखी मुलीची आई होऊ पाहते आहे. ते रोज थोडे जमते, थोडे फसते. दुसऱ्या पुस्तकात लेखिकेला आपली सख्खी बहीण सापडते, तिचेही नाव आशाच. आणि दोघी बहिणींना एकमेकींशी बोलायला मध्ये दुभाषी लागतो. सहा वर्षे बोललेली भाषा गेली कुठे? मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न अस्वस्थ करत नसेल, तर त्याने भाषेच्या मृत्यूवर निबंध वाचणे थांबवावे.

पण दोष एकट्या प्राध्यापकांचा कसा म्हणावा? दत्तकाकडे पाहण्याची आपली वाङ्मयीन दृष्टीच रक्ताने भारलेली आहे. कर्णाचे उदाहरण घ्या. नाशिकच्याच कुसुमाग्रजांनी १९५३ च्या नाटकाला ‘कौंतेय’ नाव दिले, रणजित देसाईंनी १९७३ च्या कादंबरीला ‘राधेय’. या दोन शीर्षकांच्या मधल्या जागेवर आम्ही वर्गात कित्येक तास बोललो असू. पण ते बोलणे कुळाचे, निष्ठेचे, अन्यायाचे. पेटीतून काढलेले ते मूल राधेच्या मांडीवर पहिल्या रात्री झोपले का, हा प्रश्न विचारलेला आम्ही कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पाहिला नाही. स्मृतिकारांची यादी त्या मानाने उदार म्हणावी लागेल. मनूच्या बारा प्रकारच्या पुत्रांत औरस आणि दत्तक यांच्याबरोबर ‘अपविद्ध’ आहे, म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचललेला; आणि ‘स्वयंदत्त’ही आहे, ज्याने स्वतःलाच देऊन टाकले. त्या यादीची वारसाहक्काची उतरंड आम्हाला मान्य असण्याचे कारण नाही. तरीही मूल स्वतःला देऊ शकते, ही कल्पना तिथे आहे. आजच्या कायद्यात तिचा अंश एका कलमापुरता आहे: दत्तकाचा आदेश देण्यापूर्वी मुलाच्या वयानुसार आणि समजुतीनुसार त्याची इच्छा विचारात घ्यावी. उत्तम! ही इच्छा त्याला कोणत्या भाषेत विचारायची?

यावर दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील की हा व्यवहारच बंद करा. त्यांच्या हाती पुरावा कमी नाही. २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तक जवळजवळ थांबवले, नेदरलँड्सने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने तिथल्या जुन्या दत्तकांत मुलांच्या हक्कांची पायमल्ली झाल्याचे म्हटले. आपल्याकडे पुण्याच्या प्रीत मंदिराचे प्रकरण २००६ मध्ये वाहिनीवरून गाजले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. अशा व्यवहारांच्या भीतीपोटीच हेग कराराच्या २९ व्या कलमाने, आवश्यक तपासण्या होईपर्यंत भावी पालक आणि मुलाचे पालक वा सांभाळणारे यांच्यात संपर्क नको, असा दंडक घातला. तो दंडक योग्यच आहे. पण तपासण्या संपल्यानंतरही तीच भीती भेटीच्या खोलीत पहारा देत बसते, आणि मावशीला पहिल्याच दिवशी दाराबाहेर उभे केले जाते. बंदीवाद्यांना आमचे विचारणे असे: संस्थेत दहा वर्षांचे झालेले, दोन धाकट्या भावंडांना धरून बसलेले मूल इथल्या किती घरांना हवे आहे? त्याची नोंद दाखवा, आम्ही बंदीच्या मागणीवर सही करू.

‘काही फरक पडत नाही, मुले विसरतात’ हा शेवटचा आक्षेप. विसरतात, हे खरे. २००३ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्सला दत्तक गेलेल्या प्रौढांना कोरियन वाक्ये ऐकवली. सामान्य फ्रेंच माणसाला जेवढी ओळखू येतील तेवढीच त्यांना आली. पण २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी, बालपणीच चीनमधून आलेल्या आणि चिनी मुळीच न समजणाऱ्या मुलींना त्या भाषेतले स्वर ऐकवले, तेव्हा त्यांच्या मेंदूने दिलेला प्रतिसाद चिनी बोलणाऱ्यांच्या प्रतिसादाशी जुळला. विसरणे म्हणजे पुसले जाणे, असे मानणाऱ्यांनी हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत.

आमची मागणी मोठी नाही. कोलंबियात दत्तक पालकांना मुलासह काही आठवडे त्या देशातच राहावे लागते. आपल्याकडेही आदेशापूर्वीच्या सहवासाची मुभा सक्तीत बदलावी, आणि तो सहवास मुलाच्या ओळखीच्या गावात व्हावा, दिल्लीच्या हॉटेलात नव्हे. मावशी त्या खोलीत असावी, तिचा त्या दिवसांचा पगार व्हावा, आणि मूल कशाने झोपते, कशाने घाबरते हे तिच्याच शब्दांत लिहून घेतले जावे. तिच्या आवाजातली चार गाणी मुलाबरोबर जावीत. अहवालात भाषेपुढे ‘मराठी’ लिहिण्यापूर्वी ती कोणती मराठी, हे तिथे बोलणाऱ्या माणसाला विचारावे. मूल सुरगाण्याचे असेल तर दुभाषी सुरगाण्याचा आणावा. आणि येणाऱ्या पालकांनी त्याच्या बोलीतले शंभर शब्द आधी शिकावेत: पाणी, भूक, दुखते, नको, थांब, परत. ही शंभर शब्दांची यादी करणे कोणाचे काम, असे विचाराल तर ते मराठीच्या विभागांचे आहे. बोलींच्या प्रकल्पांना अनुदान मिळते, विद्यार्थी दरवर्षी पाड्यांवर शब्द गोळा करायला जातात, आणि ते शब्द प्रबंधाच्या परिशिष्टात जाऊन पडतात. त्यांतले शंभर काढून नाशिकच्या बालकल्याण समितीकडे पाठवायला टपालखर्च किती येतो?