पंक्चर काढावे की टायर बदलावा?

टायर हा काही वार्षिकांकाचा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. आपल्या अंकात शिक्षणपद्धती, हुंडा, तरुणांपुढील आव्हाने अशा विषयांवर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. त्यांच्या पंगतीत कला शाखेच्या विद्यार्थ्याने स्पोर्ट्‌स कारच्या पंक्चर झालेल्या टायरला आणून बसवावे, हे जरा चमत्कारिक दिसेल. परंतु माझ्या वडिलांचे महामार्गालगत पंक्चरचे दुकान आहे आणि माझी कॉलेजची फी त्याच दुकानातून येते. तेव्हा या विषयावर मत असण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असे मी मानतो.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडच्या बुटक्या, रुंद टायरांच्या भारी गाड्या आमच्या रस्त्याने जातात. खिळा गाडीची किंमत पाहून घुसत नाही, त्यामुळे त्यांतली एखादी आमच्याही दारात थांबते. अशा वेळी मालक दोन प्रकारचे भेटतात. पहिला म्हणतो, “एवढ्या गाडीला पंक्चरचा टायर शोभत नाही, नवाच टाकायचा.” दुसरा म्हणतो, “बाहेरून एक पट्टी मारा आणि सोडा, संध्याकाळच्या आत गोवा गाठायचा आहे.” दोघांचा स्वभाव निराळा, पण चूक एकच. टायर रिमवरून उतरवून आत पाहण्यापूर्वीच दोघांनी निकाल दिलेला असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, हा निकाल गाडीच्या किमतीवरून किंवा मालकाच्या घाईवरून लावायचा नसतो. तो टायरच्या आत पाहून लावायचा असतो.

मोटारीच्या हवेच्या टायरचा इतिहासच पंक्चरपासून सुरू होतो. १८८८ साली डनलॉप या पशुवैद्याने सायकलसाठी हवेचा टायर केला. परंतु तो चाकाला घट्ट चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणे म्हणजे मोठा खटाटोप. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी १८९१ साली सहज काढता-घालता येणारा टायर आणला, तो ही दुरुस्ती सोपी व्हावी म्हणूनच. पुढे १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत त्यांनी हवेच्या टायरांची मोटार उतरवली आणि वाटेत पंक्चरमागून पंक्चर काढीत ती चालवली. वेगवान मोटारीला पंक्चरचा टायर शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा पूर्वज विसरू नये.

आता प्रत्यक्ष काम पाहू. ट्यूबलेस टायरचे पंक्चर आपल्याकडे बहुधा बाहेरूनच काढतात. खिळा उपसायचा, कानशीसारख्या सळईने भोक घासायचे, सोल्यूशन लावलेली चिकट पट्टी आत दाबायची आणि उरलेले टोक कापून टाकायचे. पाच-दहा मिनिटांत गाडी मोकळी. घरी किंवा पुढच्या चांगल्या दुकानापर्यंत सावकाश जायला हे ठीक आहे. पण या पद्धतीत टायरच्या आत कोणी पाहिलेलेच नसते.

दुसरी पद्धत मशरूमची. यात टायर रिमवरून उतरवतात, आतला भाग तपासतात आणि छत्रीच्या आकाराचा रबरी तुकडा आतून बसवतात. त्याचा दांडा भोक भरून काढतो आणि छत्री आतून चिकटून हवा अडवते. दांड्याचे महत्त्व असे की, भोक उघडे राहिले तर पाणी मुरते आणि टायरमधल्या पोलादी तारांना गंज चढतो. अमेरिकेतील टायर-व्यवसायाने दुरुस्तीचा जो दंडक घातला आहे, त्यात नुसती बाहेरची पट्टी दुरुस्ती म्हणून मान्यच नाही. भोक रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातच असावे, सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे, आणि दांडा व छत्री दोन्ही आतून बसवावीत, असे तो सांगतो.

बाजूच्या भिंतीवरचे, म्हणजे साइडवॉलवरचे पंक्चर का काढत नाहीत, याचे कारण टायरच्या रचनेत आहे. नक्षीच्या खाली पोलादी पट्टे असतात, त्यामुळे तो भाग ताठ राहतो आणि लावलेले ठिगळ तेथे टिकते. भिंतीत ते पट्टे नसतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती वाकते आणि पुन्हा सरळ होते. तेथे लावलेले ठिगळ आज ना उद्या सुटणारच. म्हणून भिंतीवरचे भोक कितीही लहान असो आणि गाडी कोणाचीही असो, टायर बदलावा; त्यात दुमत असू नये.

खरी परीक्षा आहे ती मधल्या भागातल्या लहान भोकाची. साध्या गाडीला आतून मशरूम लावला की काम झाले. मग स्पोर्ट्‌स कारचे निराळे काय? निराळा आहे तो वेग. टायरच्या भिंतीवर एक इंग्रजी अक्षर असते. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००. ही त्या टायरची वेगाची मर्यादा. मी काही विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे, पण हा हिशेब शाळेतल्या गणिताने सुटतो. टायरचा परीघ सुमारे २ मीटर १० सेंटिमीटर धरला तर ताशी ३०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ४० वेळा फिरते. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० किलोमीटरला टायरच्या कडेवरचे एक ग्रॅम रबर सुमारे ८५ ग्रॅम वजनाइतके ओढ घेते. १२० ला तेच रबर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जाते आणि ३०० ला दोन किलोंच्या वर! वेग पाचपट झाला, तर ओढ पंचवीसपट झाली. त्यात रबर तापते ते वेगळेच. म्हणूनच काही टायर कंपन्या दुरुस्तीनंतर त्या अक्षराची हमी मागे घेतात, तर काही ठरावीक अटींवर दुरुस्ती मान्य करतात.

यावरून माझे मत असे. शर्यतीच्या धावपट्टीवर, जेथे ते अक्षर खरोखर कसाला लागते, तेथे पंक्चर झालेला टायर बदलावाच. परंतु आपल्या रस्त्यांवर तीच गाडी किती पळणार? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. २०२५ साली तो पूर्ण झाला. तेथेही मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. कायदा पाळणाऱ्याला आतून नीट दुरुस्त केलेला टायर तेवढ्या वेगाला पुरेसा आहे. आणि ज्याला तो पुरत नाही, त्याने टायर बदलण्याआधी गाडी चालवण्याची रीत बदलावी.

येथे कोणी म्हणेल, “ज्याला परवडते त्याने नवा टाकला तर तुमचे काय गेले?” त्यावर दोन गोष्टी सांगतो. एक, नवा टायर टाकल्याने प्रश्न मिटतोच असे नाही. जुन्या टायरची नक्षी ३ मिलिमीटर उरली असेल आणि नव्याची ८ असेल, तर दोन्हींच्या परिघात सुमारे ३१ मिलिमीटरचा फरक पडतो. किलोमीटरमागे हा फरक जवळजवळ १५ मीटरचा होतो. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत हा फरक डिफरन्शियलच्या दात्यांना सतत सोसावा लागतो. म्हणून अशा गाडीला एकच टायर बदलून भागत नाही. जोडी, क्वचित चारही बदलावे लागतात. एका खिळ्यापायी चार टायर! असल्या एका टायरच्या किमतीत माझी तिन्ही वर्षांची फी भरून वर पैसे उरतील, म्हणून मला तो खर्च डोळ्यांत खुपतो, हे मी नाकारीत नाही. पण खुपण्याचे तेवढेच कारण नाही.

दुसरी गोष्ट अशी की, टाकलेला टायर जगातून नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी परसात पडतो आणि पावसाळ्यात डासांचे घर होतो, नाहीतर जुन्या बाजारातून एखाद्या गरिबाच्या गाडीला लागतो. नको असलेला धोका एकाने पैसे मोजून टाळायचा आणि तोच दुसऱ्याने स्वस्तात विकत घ्यायचा, याला बदलणे म्हणायचे का? वडील बाद ठरलेल्या टायरची भिंत सुरीने कापूनच तो बाहेर ठेवतात. त्यात त्यांचे चार पैसे बुडतात. लहानपणी मला तो वेडेपणा वाटे. आज वाटते की, दुरुस्ती करणाऱ्याची खरी परीक्षा तेथेच होते.

कारण मी दुरुस्तीचा आंधळा भक्त नाही. आपण गोधडीच्या संस्कृतीतली माणसे. फाटले की शिवायचे, झिजले की कल्हई करायची, ‘चालतंय ना, मग चालू द्या’ म्हणायचे. हा गुण आहेच. पण गोधडीचे ठिगळ सुटले तर फार तर थंडी वाजते. टायरचे ठिगळ सुटले तर शेजारून जाणारा दुचाकीवाला मरतो, आणि त्याला तर कोणी विचारलेलेही नसते. हवा गेल्यावर गाडी दोन-चार किलोमीटर तशीच दामटली असेल, तर टायरची भिंत आतून कुरतडली जाते. रिमवरून उतरवल्यावर आत काळ्या रबराचा भुगा सापडतो. बाहेरून मात्र टायर धडधाकट दिसतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण येथे लागू पडत नाही. येथे मूठ उघडलीच पाहिजे, आणि भुगा दिसला की मधले भोक कितीही लहान असले तरी टायर बाद केला पाहिजे.

दिसणे फसवे असते, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाच्या नटाचे आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटी या गाडीच्या अपघातात पॉल वॉकर व गाडी चालवणारा त्याचा मित्र असे दोघे मरण पावले. चौकशीत कारण ठरले ते अतिवेग. परंतु त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, अशीही नोंद त्या चौकशीत झाली. टायरच्या भिंतीवर चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. क्वचितच बाहेर निघणाऱ्या गाडीची नक्षी कोरी दिसते, पण रबराचे वय थांबत नाही. असा म्हातारा टायर पंक्चर झाला तर त्याला दुरुस्त करीत बसू नये.

उलट बाजूचे उदाहरण विमानाचे. प्रवासी विमानांचे टायर झिजले की त्यांवर पुन्हा रबर चढवतात आणि असे एकाच टायरच्या बाबतीत अनेकदा करतात. शेकडो माणसांना घेऊन उतरणारे विमान चढवलेल्या रबरावर टेकते! ते चालते, कारण प्रत्येक वेळी टायर तपासला जातो, नोंद ठेवली जाते आणि जो नापास होतो तो बाद होतो. म्हणजे दुरुस्त केलेली वस्तू हलकीच असते, हा समज खोटा आहे; न तपासता दुरुस्त केलेली वस्तू हलकी असते.

मग आपल्याकडे ही तपासणी करणार कोण? २०२० सालच्या नियमाने, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना जादा चाक बाळगण्याची सक्ती उरली नाही. त्यामुळे आडरस्त्याला अडलेल्या माणसाचा सगळा भरवसा पंक्चरवाल्यावर असतो. पण त्याच्याकडे टायर उतरवण्याचे यंत्र असेलच असे नाही, आणि त्याला कोणी रीतसर शिकवलेलेही नसते. आय.टी.आय.मध्ये या कामाचा महिन्याभराचा का होईना वर्ग असावा. भोक कोठे होते, किती मोठे होते, आत काय दिसले आणि दुरुस्ती कोणत्या पद्धतीने केली, हे लिहिलेली चिठ्ठी दुकानदाराने द्यावी आणि मालकाने मागावी. चिठ्ठीवर सही करायची म्हटली की आत पाहणे आपोआप आले. लाखो-कोटींच्या गाडीत बसणाऱ्याने या कामाला पंधरा मिनिटे अधिक आणि शंभर रुपये जास्त द्यायला कुरकुर करू नये.

‘काढा’ म्हणण्यात पंक्चरवाल्याची कमाई असते, ‘बदला’ म्हणण्यात टायर विकणाऱ्याची. आत पाहून जे असेल ते सांगण्यात दोघांचीही कमाई थोडी कमीच. तरीही तसे सांगणारी माणसे आहेत. त्यांच्या हातात टायर दिल्यावर आपण घड्याळाकडे पाहू नये.