साहेबी मेजवानीचा घरगुती घाट

मुलांनो, वाढदिवसाला केक, मेणबत्त्या, फुगे, काटे-चमचे असा साहेबी थाट करावा असं तुमच्यापैकी पुष्कळांना वाटतं. आमच्या राहनाळच्या मुलांनाही वाटतं. त्यासाठी ठाण्याच्या मोठ्या हॉटेलात जायलाच हवं का? मुळीच नाही. घरात आठ-दहा जण बसतील एवढी जागा असली की झालं!

आधी हा थाट आला कुठून ते पाहू. केकवर मेणबत्त्या लावायची पद्धत जर्मनीतली, अठराव्या शतकातली. रबराचा फुगा 1824 साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने बनवला, तोही हायड्रोजन वायूच्या प्रयोगासाठी. याच फॅरेडेने पुढे मेणबत्तीच्या ज्योतीवर मुलांना व्याख्यानं दिली. आणि वाढदिवसाच्या इंग्रजी गाण्याची चाल? ती 1893 साली अमेरिकेतल्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या बहिणींच्या पुस्तकात छापून आली. पॅटीबाई बालवाडीच्या शिक्षिका. वर्गात सकाळी मुलांचं स्वागत करायला केलेलं ते गाणं. वाढदिवसाचे शब्द त्याला नंतर चिकटले.

काही पाहुणे तर केव्हाचेच आपल्या घरचे झालेत. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाले. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज तिथून गेले, पण पाव काही गेला नाही!

आता तयारीला लागू. टेबल नसलं तर सतरंजी अंथरा आणि मधोमध पाट ओळीने लावा. त्यावर पांढरं कापड घाला. भिवंडीत मागांवर कापड विणलं जातं, तेव्हा एखादा कटपीस मिळायला अडचण नाही. ताटलीच्या डावीकडे काटा ठेवा, उजवीकडे चमचा, आणि पेला वरच्या उजव्या कोपऱ्यात. लहान मुलं असतील तर सुरी नकोच. हातरुमाल मांडीवर पसरायचा. खाणं संपलं की काटा-चमचा ताटलीतच शेजारी-शेजारी ठेवायचा, म्हणजे ‘माझं झालं’.

खायला काकडी-टोमॅटोचं सँडविच, बटाट्याचं कटलेट आणि लिंबाचं सरबत. केक रव्याचा करा. दोन वाट्या रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, पाव वाटी तेल आणि लागेल तसं दूध कालवून अर्धा तास ठेवा. मग चमचाभर बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून, तेल लावलेल्या भांड्यात ओता. कुकरमध्ये पाणी न घालता तळाशी मीठ पसरा, शिट्टी आणि रिंग काढा आणि मंद आचेवर पाऊण तास भाजा. गॅसजवळचं हे काम मात्र आई-बाबांचं! मेणबत्ती वेगळ्या छोट्या तुकड्यावर लावा, म्हणजे फुंकर सगळ्यांच्या केकवर उडणार नाही. आधी आजीने औक्षण केलं तरी थाट काही कमी होत नाही.

आता खरी कसोटी. वाढदिवसाचं बोलावणं आलं की वर्गातलं एखादं मूल ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरीच राहतं. दुखत काहीच नसतं. हातात न्यायला भेटवस्तू नसते, एवढंच. कुणाचे बाबा मागावर, कुणाचे गोदामात हमालीला. महिनाअखेरीला पन्नास रुपयेही जड होतात. म्हणून बोलावतानाच सांगा, ‘भेट आणायची नाही, एक गोष्ट किंवा कोडं घेऊन ये.’ आणि ते सगळ्यांनाच सांगा, एकट्याला बाजूला घेऊन नको. कुणाला काटा धरता आला नाही, तर हसू नका. आपलाही काटा खाली ठेवा आणि हाताने खायला लागा. पाहुण्याला अवघडू न देणं, ही जगातल्या सगळ्या मेजवान्यांची पहिली रीत.

पालकांनो, केक केवढा होता हे मुलं चार दिवसांत विसरतात. आपल्याला बोलावलं नव्हतं, हे मात्र वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

तर मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ : वर्गातल्या ज्या मुलाला आजवर कुणीच वाढदिवसाला बोलावलं नाही, त्याचं नाव आपल्या पाहुण्यांच्या यादीत सगळ्यात वर लिहा.