औषधाआधी मोजमाप हवे

काही वर्षांपूर्वी इंदिरानगरातील आमच्या चिकित्सालयात एक माता आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ‘बोलत नाही’ एवढीच तक्रार होती. आम्ही ब्राह्मीघृत सुरू केले. सहा महिन्यांनी ‘आता पुष्कळ शब्द येतात’ असे तिने आनंदाने सांगितले आणि आम्हीही समाधान मानले. प्रत्यक्षात ते शब्द दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतले होते. तहान लागली तरी मूल पाणी मागत नव्हते, हाकेला वळून पाहत नव्हते. पुढे तज्ज्ञांनी स्वमग्नतेचे निदान केले. आम्ही शब्द मोजले. संवाद मोजलाच नाही. त्या मुलाचे मोलाचे सहा महिने आमच्या हातून गेले.

वाग्दोष एकच नसतो, हे आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूक, मिन्मिण व गद्गद अशा निरनिराळ्या अवस्था सांगितल्या आहेत. आजची मापनसाधनेही हाच विवेक शिकवतात. आपल्या देशात २००९ साली सिद्ध झालेली ‘आयएसएए’ ही मापनश्रेणी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाते. तिच्या ४० बाबींपैकी ९ वाणी व संवादाविषयी आहेत. प्रत्येक बाबीस १ ते ५ गुण असून एकूण ७० पासून पुढे स्वमग्नता मानली जाते. मात्र स्वमग्नता नसूनही ज्याची भाषा मागे पडली आहे, अशा मुलाचे चित्र तीतून पूर्ण उमटत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या २००३ च्या सुधारित प्रश्नावलीत ७० विधाने आहेत. वाक्ये बोलू लागलेल्या, चार वर्षांवरील मुलांसाठी पालक ती भरतात. उच्चार व व्याकरण एकीकडे आणि भाषेचा व्यवहारातील उपयोग दुसरीकडे, असा भेद तीत करता येतो.

परंतु इंग्रजी साधनाचे केवळ भाषांतर पुरणार नाही. तीन लिंगे, ‘तू’ आणि ‘तुम्ही’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे मराठी मूल कोणत्या वयात आत्मसात करते, हे मराठी मुलांवरच तपासले पाहिजे. आमच्याकडे खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. घरी अहिराणी बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या कसोटीवर विनाकारण दोषी ठरू नये. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकमध्ये आहे. कौमारभृत्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हा विषय अवश्य हाती घ्यावा.

प्रकृतिपरत्वे चिकित्सा करणाऱ्या वैद्याला गुणांकांची गरज काय, असे कोणी विचारील. मूल वयानुसारही वाढत असते. पूर्वनोंद नसेल, तर काळाचे श्रेय आपण औषधाला देऊन बसतो.

म्हणून वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे. प्रथम श्रवणतपासणी करून घ्यावी. हाकेला प्रतिसाद, बोटाने दाखवणे, मागणी करणे, आळीपाळीने खेळणे यांची नोंद औषधापूर्वी व दर तीन महिन्यांनी ठेवावी. वाक्‌तज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये. औषधविक्रेत्यांनीही ‘मूल बोलत नाही’ एवढ्यावर सारस्वतारिष्टाची बाटली देऊ नये. अरिष्टात मद्यांश असतो, आणि बाटली मिळाली की पालक तपासणी लांबणीवर टाकतात.