अंगणाविना फेर

पुंगोलच्या जुन्या मलय कोळीवाड्यांच्या जागी आता गगनचुंबी सदनिका उभ्या आहेत. तेथील मराठी कुटुंबास गौरीगणपतीत जाखडी धरावयाची झाल्यास अंगण कोठले? वादकगायक मध्यभागी आणि त्यांच्याभोवती घुंगुरवाळ्या पायांचा फेर, हे जाखडीचे कोकणी रूप. करारबद्ध मजुरांनी ती मॉरिशसला नेली. तेथे ती ‘झाकरी’ झाली, परंतु गणेशचतुर्थीचा तिचा मान अबाधित राहिला. सिंगापुरात तैपूसमच्या मिरवणुकीतील वाद्ये १९७३ साली निषिद्ध ठरली. २०१६ मध्ये ठरावीक स्थळी ती पुन्हा निनादली. मधली चार दशके तमिळ भाविकांनी कंठस्वरावरच निभावली! पुंगोलकरांपुढे शेजाऱ्यांच्या झोपेचाही प्रश्न आहेच. तथापि इमारतीखालील मोकळी जागा एका फेरास बहुधा पुरेल. ढोलकी मात्र जरा हलक्या हाताने वाजवावी लागेल.