ही राज्य कधी करणार?

२०१५ च्या मार्चमध्ये ‘अँड टीव्ही’ ही नवी वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर ‘रझिया सुलतान’ ही मालिका लागली. आमच्या घरात जेवणं लवकर उरकू लागली. अम्मी, मोठी भाभी, शेजारच्या खाला, सगळ्या टीव्हीसमोर. आनंद साधा होता. पडद्यावर मुस्लिम बाई दिसायची ती एक तर कोठ्यावर, नाही तर जनानखान्यात, नाही तर तलाकच्या बातमीत. इथे ती तख्ताची वारस म्हणून येत होती. पंखुडी अवस्थी रझियाचं काम मन लावून करत होती. आम्हाला वाटलं, चला, कुणाला तरी आठवण झाली.

काही आठवड्यांत घरातली चर्चा बदलली. शाह तुर्कान आता कोणता डाव टाकणार? अल्तुनियाचं आणि हिचं जमणार की नाही? तेव्हा बारावीत असलेल्या माझ्या भाचीने पुस्तकातून डोकं वर काढलं आणि विचारलं, “फुफी, ही राज्य कधी करणार?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही. आज मी स्पष्टच म्हणते, की रझियाची गोष्ट सांगणारे तिचं राज्य काढून घेतात आणि बदल्यात तिला एक आशिक देतात. आणि या चोरीत आपण, म्हणजे आपला समाज, साक्षीदार नाही, भागीदार आहोत.

आधी रझियाने काय केलं ते पाहू. तिचा बाप इल्तुतमिश गुलामीतून वर आलेला सुलतान. ग्वाल्हेरच्या मोहिमेवर जाताना त्याने दिल्लीचा कारभार मुलांवर नाही, मुलीवर सोपवला. परत आल्यावर तिचं काम पाहून तिलाच वारस नेमायचं ठरवलं. मुलं असताना मुलगी कशाला, असं दरबाऱ्यांनी विचारलं, तेव्हा मुलं ऐषारामात बुडालेली आहेत, असं त्याने बजावलं. १२३६ मध्ये तो वारला आणि अमिरांनी त्याचा शब्द मोडून रुक्नुद्दीन फिरोजला गादीवर बसवलं. फिरोज मौजमजेत, आणि कारभार त्याच्या आईच्या, शाह तुर्कानच्या हातात. तिने रझियाच्या जिवावर उठायचं ठरवलं, तेव्हा रझिया थेट दिल्लीच्या लोकांसमोर गेली. पुढच्या शतकातल्या इब्न बतूताने ऐकलेली हकिकत अशी, की जुम्म्याच्या दिवशी ती दाद मागणाऱ्याचे रंगीत कपडे घालून नमाजला जमलेल्या लोकांपुढे उभी राहिली आणि भावाविरुद्ध न्याय मागितला. फौज आणि शहर तिच्या बाजूने उठलं आणि ती तख्तावर बसली. त्या काळात राज्य कुणाचं हे दोन गोष्टींवरून ठरायचं: खुतबा कुणाच्या नावाचा आणि नाणं कुणाच्या नावाचं. दोन्ही रझियाच्या नावाचे झाले.

वजीर जुनैदीला हे मान्य नव्हतं. तो प्रांतांच्या सुभेदारांना घेऊन दिल्लीवर चालून आला. रझियाने त्यांच्यातल्याच दोघांना फोडलं आणि बाकीच्यांची फळी मोडली. पुढे तिने पडदा सोडला, कबा आणि टोपी चढवली, हत्तीवर बसून लोकांत फिरली. आणि तुर्क अमिरांच्या डोळ्यांत खुपणारी गोष्ट म्हणजे याकूत या हबशी माणसाला घोडदळाच्या पागेचा प्रमुख, अमीर-ए-आखूर, केलं. तुर्कांची मक्तेदारी असलेल्या दरबारात बिगर-तुर्क माणूस वर आणणं, हे राजकारण होतं. कुणाही सुलतानाने आपल्या अमिरांना आवर घालण्यासाठी हेच केलं असतं.

साडेतीन वर्षांनी तिनेच नेमलेला भटिंड्याचा सुभेदार अल्तुनिया उलटला. याकूत मारला गेला, ती कैद झाली आणि दिल्लीत तिच्या भावाला, बहरामला, तख्तावर बसवलं. कैदेत तिने अल्तुनियाशी निकाह केला आणि त्याच्याच फौजेसह दिल्लीकडे निघाली. १२४० च्या ऑक्टोबरमध्ये कैथलजवळ तिचा शेवट झाला. कैदखान्यातून तख्ताकडे परतायची एकच वाट उरली होती, ती तिने धरली. याला इश्क म्हणायचं असेल तर मग युती-आघाड्यांच्या आपल्या राजकारणालाही इश्कच म्हणावं लागेल.

आता याकूतचं पाहा. मिन्हाज-ए-सिराज हा रझियाचा समकालीन. तिच्याच काळात दिल्लीच्या नासिरिया मदरशाचा कारभार त्याच्याकडे आला. तो एवढंच नोंदवतो, की याकूतला जवळीक मिळाली आणि तुर्क अमीर नाराज झाले. त्यात प्रेमप्रकरण नाही. बदनामीची फोडणी दिली ती शतकभरानंतरच्या इसामीने. १९८३ मध्ये कमाल अमरोहींनी त्या फोडणीचा भव्य सिनेमा केला. हेमा मालिनी रझिया, धर्मेंद्र याकूत. २०१५ च्या मालिकेने याकूतऐवजी अल्तुनियाला नायक केलं. आशिक बदलला, गोष्ट तीच राहिली. ज्या गोष्टीत नायक असा बदलता येतो, ती गोष्ट रझियाची असूच शकत नाही.

कुणी म्हणेल, “मालिका आहे ती, इतिहासाचं पुस्तक नव्हे. लोकांना प्रेमच लागतं.” बरं. पण भर नमाजाच्या गर्दीत उभी राहून न्याय मागणारी मुलगी, शहराला वेढा घालणारा वजीर, रात्रीत फुटलेले सुभेदार, कैद करणाऱ्यालाच आपल्या फौजेचा सेनापती करणारी कैदी! यात नाट्य कमी आहे का? कमी आहे ती हिंमत. सत्ता हवी असलेली बाई नायिका म्हणून दाखवायची हिंमत. तिला सत्ता हवी होती आणि ती तिला चालवता येत होती, एवढं सांगायला आपली जीभ अडखळते. म्हणून मधे प्रेम आणावं लागतं.

‘ती प्रेमात पडली म्हणून पडली’ हे किती खोटं आहे, ते एका साध्या हिशोबाने कळतं. १२३६ ते १२४६ या दहा वर्षांत दिल्लीच्या तख्तावरून चौघांना खाली खेचलं गेलं: फिरोज, रझिया, बहराम आणि मसूद. त्यांत तीन पुरुष. फिरोज सात महिनेही टिकला नाही. बहरामला दोन वर्षांत त्याच अमिरांनी संपवलं. मसूदलाही त्यांनीच उतरवलं. या तिघांच्या पडण्यामागे कोणती माशूका होती, हे कुणी विचारत नाही. तिघं पडले ते अमिरांच्या राजकारणामुळे, आणि रझिया तेवढी दिल दिल्यामुळे? मिन्हाजने तर लिहून ठेवलंय, की राजाला लागतात ते सगळे गुण तिच्यात होते, पण पुरुषांत तिची गणती नव्हती, मग त्या गुणांचा उपयोग काय. त्या समकालीन माणसाने जे खरं कारण लिहिलं, ते आठशे वर्षांनंतरच्या मालिकावाल्यांना सांगवत नाही.

इथपर्यंत वाचून आपले काही भाई खूश झाले असतील, की बघा, टीव्हीवाले मुसलमानांना कसे दाखवतात. जरा थांबा. आता आपल्या घरात येते.

आमच्या गावात महिला दिनाला एक जलसा झाला. एका जनाबांनी आवाज चढवून सांगितलं, “आम्ही आठशे वर्षांपूर्वी जगाला रझिया दिली!” टाळ्या पडल्या. बायका पडद्यामागे बसल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या. त्यानंतर महिन्याभराने आम्ही काही जणी त्याच जमातीच्या कमिटीकडे अर्ज घेऊन गेलो. उर्दू शाळेत मुलींसाठी धड संडास नाही, कमिटीत दोन बायका घ्या, म्हणजे हे विषय वेळेवर निघतील, एवढंच म्हणणं होतं. उत्तर मिळालं, “तुमचे मर्द आहेत ना कमिटीत.” जुनैदी वजिराचं यापेक्षा वेगळं काय म्हणणं होतं?

२०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. आमचा वॉर्ड राखीव झाला तेव्हा भाभीला उभं केलं. मी दारोदार फिरले. पत्रक छापून आलं, तर वर भावाचा फोटो, हात जोडलेला. भाभीचं फक्त नाव, तेही “यांच्या पत्नी” म्हणून. मी भांडले. अम्मीच म्हणाली, “बेटा, निवडून तर येऊ दे.” भाभी निवडून आली. सभेत सही तिची, बोलणं भावाचं. कोणत्या गल्लीत कितव्या दिवशी पाणी येतं, हे तिला तोंडपाठ होतं आणि भावाला विचारून सांगावं लागायचं. मी हे गुमान पाहिलं. म्हणून भागीदार म्हणताना मी स्वतःला वगळत नाही.

१९८८ मध्ये बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या, तेव्हा विरोधकांनी ओरड केली, की मुस्लिम राज्यावर बाई कधी बसलीच नव्हती. मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी यांनी त्याला उत्तर म्हणून राज्य केलेल्या मुस्लिम राण्यांवर एक पुस्तकच लिहिलं. त्यात रझिया आहे, इजिप्तची शजर-अद-दुर्र आहे. आपल्याला तर एवढं लांब जायलाही नको. भोपाळमध्ये १८१९ ते १९२६ एकामागून एक चार बेगमांनी कारभार पाहिला. त्यांतल्या शेवटच्या सुलतान जहाँ १९२० मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. आपल्या अहमदनगरात चांदबीबीने मुघलांच्या वेढ्यात किल्ला लढवला. आणि आपण तिची आठवण कशी ठेवली? डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो आणि तिथे सहलीला जातो.

आणि आज? ५४३ खासदारांच्या १८व्या लोकसभेत २०२४ ला निवडून आलेल्या मुस्लिम बायका दोन, कैरानाच्या इकरा हसन आणि उलुबेरियाच्या साजदा अहमद. पक्षांना विचारलं तर म्हणतात, तुमच्याकडून नावंच येत नाहीत. आपल्याला विचारलं तर आपण म्हणतो, पक्ष तिकीट देत नाहीत. दोघंही अर्धं खरं बोलतात आणि त्या दोन अर्ध्यांच्या मधे आपल्या मुली उभ्या आहेत.

रझियाची म्हणून दाखवली जाणारी कबर जुन्या दिल्लीत, तुर्कमान गेटच्या आत, बुलबुलीखान्याच्या गल्लीत आहे. वर छत नाही, चारी बाजूंनी घरं अंगावर आलेली. तिच्या नावाने टाळ्या घेणाऱ्यांपैकी किती जण तिथे जाऊन फातिहा पढले असतील?

पुन्हा कुणी रझियावर मालिका काढणार असेल तर माझी मागणी एकच आहे: तिला दरबारात बसवा, फर्मानं काढू द्या, चुका करू द्या, हरू द्या, पण राज्यकर्ती म्हणून. आणि आपल्या माणसांकडे मागण्या दोन. पत्रकावर उमेदवार बाईचा स्वतःचा फोटो लावा. आणि मशिदीच्या, शाळेच्या, जमातीच्या कमिटीत बायकांच्या खुर्च्या ठेवा, पडद्यामागे नव्हे, टेबलाशी.

माझी भाची आता वकिली करते. मागच्या ईदला घरी आली तेव्हा वॉर्डाच्या निवडणुकीची गोष्ट निघाली. ती भावाला म्हणाली, “अब्बू, या वेळी पत्रक मी छापून आणणार.” भाऊ काही बोलला नाही. भाभी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “फोटो माझा चांगला काढ.”