वारूळ कोणत्या कुंभाराने घडवलं?

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या बोगद्याजवळ संध्याकाळी गाड्या तुंबल्या की मागचा माणूस चिडून विचारतो, "कोणी अडवलंय?" अडवलेलं कोणीच नसतं. बोगद्याचं अरुंद तोंड, एकाच वेळी घराकडे निघालेली माणसं, मध्येच घुसलेली एखादी रिक्षा अशी कारणं एकत्र आली की कोंडी होते. कारणं हवी तेवढी सापडतात, कर्ता सापडत नाही.

विश्वाचा विषय निघाला की मात्र हेच भान सुटतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून विश्वालाही कारण असणार, आणि ते कारण म्हणजे देव. प्रवचनात, वर्गात, घरच्या जेवणात हा युक्तिवाद इतक्या सहज मांडला जातो की तो कधीच सिद्ध झालाय असं वाटावं. तो सिद्ध झालेला नाही. कोणी कोणाची भक्ती करावी याच्याशी या पत्रकाला कर्तव्य नाही. हरकत आहे ती श्रद्धेला पुराव्याचं नाव देण्याला.

हा वाद परदेशातून आलेला नाही. पांडवलेणीचा डोंगर इंदिरानगरपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि पहाटे अनेक जण तो चढतात. शिलालेखांतला हा त्रिरश्मी पर्वत. इथली 24 लेणी ज्या बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली, त्यांच्या धर्मात जगाचा निर्माता नव्हता. एकातून दुसरं उपजतं, त्याच्या आधाराने तिसरं टिकतं, हा त्यांचा प्रतीत्यसमुत्पाद. तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, अद्वितीय ब्राह्मण म्हणून गौरवते, आणि तेच लेणं निरीश्वरवादी भिक्षूंना दान देते. निर्माता न मानणाऱ्यांना राजघराणं आसरा देत होतं, ही नाशिकची जुनी रीत आहे.

पुढे नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांनी, निर्मात्याच्या बाजूचा युक्तिवाद पक्का केला: घटाला कुंभार लागतो, पृथ्वीही घटासारखं कार्यच, म्हणून तिलाही कर्ता हवा. सातव्या शतकातल्या बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने त्याला दिलेलं उत्तर आजही खोडता येत नाही. घट मातीचा आहे आणि वारूळही मातीचंच आहे. तेवढ्यावरून वारूळ कुंभाराने केलं असं म्हणायचं का? घडे घडताना माणसाने पाहिले, म्हणून घड्यावरून कुंभाराचं अनुमान करता येतं. विश्व घडताना कोणीच पाहिलेलं नाही, आणि तुलनेला दुसरं विश्वही नाही. शिवाय कुंभाराला माती आयती मिळते. नैयायिकांच्या ईश्वरालाही परमाणू आयतेच मिळत होते. शून्यातून जग काढणारा देव त्यांनीही मांडला नव्हता. घट-कुंभाराचा दाखला देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यायला हवं.

नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळातला जैन आचार्य जिनसेन 'आदिपुराणा'त विचारतो: जग निर्माण करण्याआधी कर्ता कुठे होता? साहित्य आधी निर्माण केलं म्हणावं, तर त्या साहित्यासाठी साहित्य कुठून आणलं? हीच ती अनवस्था, कारणामागे कारण अशी न संपणारी साखळी. आणि वेदांचा कडवा कैवारी कुमारिल भट्ट! यज्ञ मानणारा, वेद मानणारा हा मीमांसक 'श्लोकवार्तिका'त जगाचा निर्माता साफ नाकारतो. करुणेपोटी जग केलं, तर त्यात दुःख का, असं तो विचारतो. निर्मात्यावर शंका घेणं म्हणजे परंपरेचा अपमान, असं म्हणणाऱ्यांनी आधी कुमारिलाला परंपरेबाहेर काढून दाखवावं.

देवाला आरंभ नाही, म्हणून त्याला कारण लागत नाही, असं उत्तर येतं. मग तीच सवलत विश्वाला का नाही? 1948 साली बीबीसी रेडिओवर कोपल्स्टन या जेझुइट पाद्र्याशी वाद घालताना तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने दाखवलं की प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असते असं ठरत नाही. भागांना जे लागू पडतं ते समुच्चयाला लागू पडेलच असं नाही.

अलीकडे देवाच्या पुराव्यासाठी महास्फोट (बिग बँग) पुढे केला जातो. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट होतं, एवढं निरीक्षणांवरून कळतं. त्याआधी काही नव्हतं आणि कोणीतरी बटण दाबलं, असं विज्ञान सांगत नाही. विश्वाला आरंभ आहे का, हाच प्रश्न खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर लावून धरला. 1993 मध्ये हॉईल आणि बर्बिज या शास्त्रज्ञांसह त्यांनी मांडलेल्या प्रतिकृतीत विश्वाला आरंभबिंदूच नाही. बहुतेक शास्त्रज्ञांना ती पटली नाही, पण तिचा निवाडा मोजमापांवर झाला, भावना दुखावल्या म्हणून नव्हे. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला भरलेल्या 94व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हेच नारळीकर होते.

आणि समजा, पहिलं कारण मानलंच. ते एकच आहे, त्याला जाणीव आहे, ते नवसाला पावतं, एकादशी मोडली की रागावतं, यातलं काय त्यातून निघतं? काहीच नाही. पहिल्या कारणापासून देव्हाऱ्यातल्या मूर्तीपर्यंतचं सगळं अंतर पुराव्याविना कापलं जातं.

इंदिरानगरातल्या घराघरांत सात-आठ वर्षांची मुलं विचारतात, "देवाला कोणी बनवलं?" त्यांना गप्प केलं जातं, कधी एखादा धपाटाही बसतो. या पत्रकाची मागणी एवढीच आहे की त्या मुलांना धपाटा मिळू नये. जिनसेनानेही असेच प्रश्न विचारले होते असं त्यांना सांगावं, आणि सुटीच्या दिवशी त्रिरश्मीवर नेऊन तिसऱ्या लेण्यातली ती अक्षरं दाखवावीत.