फॉरमॅट मारण्याआधी थोडं थांबा



शाळेतला कॉम्प्युटर रात्री अपडेट झाला आणि सकाळी पासवर्ड टाकला की निळा पडदा येऊन पुन्हा बंद पडतोय, असं झालं की आपण काय करतो? कुणाला तरी फोन करतो आणि पलीकडून एकच उत्तर येतं, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल." आपणही "बरं, मारा" म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं इतकंच आहे की हे "बरं" म्हणण्याची घाई करू नका. दहापैकी निम्म्या वेळा तरी त्याची गरज नसते, असं मला वाटतं.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय का? आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. त्या सकाळी आपल्या लोहगावसह देशभरातल्या विमानतळांवर कॉम्प्युटर बंद पडले आणि प्रवाशांना बोर्डिंग पास चक्क हाताने लिहून दिले गेले. जगभरात बँका, दवाखाने, टीव्ही वाहिन्या अडकल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले होते. कारण काय, तर क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने (तिचं ऑफिस आपल्या पुण्यातही आहे) आपल्या ग्राहकांना पाठवलेलं एक छोटंसं अपडेट. आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला ते निघालं, १०:५७ ला मागे घेतलं. जेमतेम ७८ मिनिटं! पण तेवढ्यात ज्यांनी ते घेतलं, ते चालू व्हायचे, निळे व्हायचे, पुन्हा चालू व्हायचे.

कंपनीने नंतर जाहीर केलेलं कारण तर आपल्याला, म्हणजे प्रगतिपुस्तकं भरणाऱ्यांना, लगेच कळेल. नमुन्यात रकाने होते २१ आणि प्रोग्रॅम माहिती पुरवत होता २०. नव्या अपडेटने एकविसावा रकाना वाचायला लावला. तिथे काहीच नव्हतं, प्रोग्रॅम भलत्याच जागी वाचायला गेला आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करत असल्यामुळे सगळी मशीनच घेऊन बसला.

आता मुद्दा बघा. हे ८५ लाख कॉम्प्युटर दुरुस्त करायला सगळे फॉरमॅट केले का? नाही. बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढून टाकली आणि कॉम्प्युटर परत सुरू केला. लोकांच्या फाइली जागच्या जागी होत्या. बिघाड एका फाइलीत होता, कॉम्प्युटरमध्ये नव्हता.

ते महागडं सॉफ्टवेअर आपल्या शाळांत नसतं, हे खरं. पण प्रश्न विचारायची पद्धत तीच: काल चालू होता ना? मग कालपासून बदललं काय? चौथीतला मुलगाही बल्ब पेटला नाही तर आधी सेल बघतो, वायर बघतो. लगेच नवीन बल्ब मागत नाही.

तर करायचं असं. लॉगिनचा पडदा दिसत असेल तर शिफ्टचं बटण दाबून धरून रीस्टार्ट करा. तेवढाही पडदा येत नसेल तर कॉम्प्युटर चालू होताना पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. त्यात 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, त्याने शेवटचं अपडेट काढता येतं. त्याने नाही भागलं तर 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून रीस्टार्ट करून ४ दाबा, म्हणजे सेफ मोड. यात विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन चालू होते. कधीकधी इथे पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. आत गेलात की पहिलं काम दुरुस्तीचं नाही. पेनड्राइव्ह लावा आणि फाइली काढून घ्या.

कारण आपल्या सगळ्यांची एक सवय आहे, सगळं डेस्कटॉपवर ठेवायचं. निकालपत्रकं, आकारिकच्या नोंदी, शिष्यवृत्तीच्या याद्या, स्नेहसंमेलनाचे फोटो. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, आणि फॉरमॅटमध्ये आधी तोच पुसला जातो. पोर्टलवर भरलेलं पोर्टलवर राहतं हो, पण वर्षभर मुलांबद्दल आपण जे बारीकसारीक टिपून ठेवतो ते कुठल्याच पोर्टलवर नसतं. ते गेलं की गेलं. 'रिसेट धिस पीसी' करायची वेळ आलीच तर 'कीप माय फाइल्स' निवडा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग'ला हात लावू नका.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक अडचण येते. दुरुस्तीच्या पडद्यावर तो ४८ अंकी बिटलॉकर की मागतो. २०२४ मध्येही अनेक कंपन्यांचं काम याच किल्लीपाशी रखडलं होतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण ते खातं ज्या सरांच्या ईमेलवर उघडलं त्यांची बदली झाली असेल तर? म्हणून लॅपटॉप चांगला चालतोय तोवरच की कागदावर लिहून डेडस्टॉक रजिस्टरसोबत कुलपात ठेवा. पालकांनीही घरी तेच करावं.

"मग अपडेटच बंद करून टाकतो," असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. अपडेटमधून सुरक्षेच्या फटी बुजवल्या जातात, आणि आपले पेनड्राइव्ह तर सायबर कॅफेपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत फिरून येतात. फक्त निकालाच्या आठवड्यात अपडेट पुढे ढकला, तशी सोय सेटिंग्जमध्ये आहे.

आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वरचं काहीही करू नका, कॉम्प्युटर बंद ठेवा आणि जाणकाराकडे न्या. तिथे पहिलं वाक्य हेच बोला, "दादा, आधी डेटा काढून द्या. फॉरमॅटचं नंतर बघू."